गाण्यावरचे नाव

पिट्सबर्ग विद्यापीठाच्या ग्रंथसंग्रहात एक जाडजूड हस्तलिखित वही जपून ठेवलेली आहे. स्टीफन कॉलिन्स फॉस्टर या गीतकाराने ती १८५१ च्या जून महिन्यात, म्हणजे वयाची पंचविशी पूर्ण होता होता लिहायला घेतली आणि पुढे जवळजवळ दहा वर्षे वापरली. त्या वहीत एका गाण्याचा कच्चा खर्डा आहे. त्याच्या पहिल्या ओळीत अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या 'पीडी' या नदीचे नाव होते; ते खोडून तिथे 'स्वानी' असे केलेले आहे. स्टीफनचा भाऊ मॉरिसन याने लिहून ठेवल्याप्रमाणे, दोन अक्षरी उच्चाराचे एखाद्या दक्षिणेकडच्या नदीचे नाव सुचव, असे म्हणत स्टीफन त्याच्या कचेरीत आला होता. एकदोन नावे त्याला पसंत पडेनात, तेव्हा दोघांनी नकाशांचे पुस्तक उघडले आणि फ्लोरिडातली 'सुवानी' नावाची नदी त्यांच्या नजरेस पडली. चालीत बसावी म्हणून स्टीफनने तिची 'स्वानी' केली, आणि 'ओल्ड फोक्स ॲट होम' हे गाणे तयार झाले. ही नदी त्याने तोवर पाहिलेली नव्हती आणि पुढेही कधी पाहिली नाही.

ज्या गाण्याने जगभरातल्या लक्षावधी माणसांना आपले घर आठवून रडवले, त्यातले घर नकाशातून शोधून काढलेले होते, ही गोष्ट मला पहिल्यांदा कळली तेव्हापासून फॉस्टरने माझ्या मनात जागा घेतली. यात फसवणूक आहे असे मला वाटत नाही. घराची ओढ त्याची खरीच होती, कारण त्याचे स्वतःचे घर फार लवकर हातचे गेले होते. ४ जुलै १८२६ रोजी, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला बरोबर पन्नास वर्षे पुरी झाली त्या दिवशी, पिट्सबर्गजवळच्या लॉरेन्सव्हिल येथे वडिलांनी बांधलेल्या 'व्हाइट कॉटेज' नावाच्या घरात त्याचा जन्म झाला. वडील विल्यम फॉस्टर व्यापारी होते, राजकारणात होते, पुढे ॲलेघेनी शहराचे महापौरही झाले. पण पैसा त्यांच्याजवळ टिकला नाही. कर्जापायी ते घर बँकेच्या ताब्यात गेले, आणि त्यानंतर या मोठ्या कुटुंबाचे बिऱ्हाड भाड्याच्या घरांतून आणि नातेवाइकांच्या आश्रयाने हलत राहिले. मागे राहिलेल्या पांढऱ्या घराविषयी आई हळहळत असे आणि धाकटा स्टीफन ते ऐकत मोठा झाला.

भाऊ सगळे कामाधंद्याला लागलेले होते. थोरला विल्यम रेल्वेचा नामवंत अभियंता होता. स्टीफन मात्र शाळेत रमत नसे. कॅनन्सबर्गच्या जेफरसन कॉलेजात त्याला घातले, तर तिथून तो थोड्याच दिवसांत परत आला. संगीत हा मुलींच्या संगोपनाचा भाग, पुरुषाने त्यावर पोट भरायचे नसते, असा त्या काळच्या मध्यमवर्गाचा समज होता. हेन्री क्लेबर या पिट्सबर्गमध्ये स्थायिक झालेल्या जर्मन संगीतकाराकडून त्याला काही मार्गदर्शन मिळाले. बाकीचे शिक्षण त्याने स्वतःच, बासरी आणि पियानो घेऊन, कान उघडे ठेवून केले. १८४४ मध्ये, अठराव्या वर्षी, त्याचे पहिले गाणे फिलाडेल्फियात छापले गेले. त्याचे शब्द दुसऱ्याचे होते आणि चाल त्याची. १८४६ मध्ये घरच्यांनी त्याला सिनसिनाटीला भाऊ डनिंगच्या आगबोटींच्या कंपनीत हिशेबनीस म्हणून धाडले.

ओहायो नदीवरच्या त्या धक्क्याकडे थोडे थांबून पाहिले पाहिजे. नदीच्या उत्तरेला ओहायो हे गुलामगिरी नसलेले राज्य आणि समोरच्या काठावर केंटकी, जिथे माणसे विकली जात होती. धक्क्यावर काळे हमाल माल चढवत-उतरवत होते आणि काम करताना गात होते. शहरातल्या नाट्यगृहांत मात्र वेगळेच काळे लोक गात होते: ते होते गोरे नट, जळलेल्या बुचाची काजळी तोंडाला फासलेले, मुद्दाम मोडकी इंग्रजी बोलणारे, गुलामांच्या नकला करून लोकांना हसवणारे. याला मिन्स्ट्रेल शो म्हणत, आणि १८४० च्या दशकात अमेरिकेतली सर्वांत लोकप्रिय करमणूक हीच होती. मॉरिसनच्या आठवणीप्रमाणे लहानग्या स्टीफनने नवव्या वर्षी शेजारपाजारच्या मुलांबरोबर असल्या गाण्यांचे प्रयोग केले होते. त्याच घरात काम करणारी ऑलिव्हिया पाइज नावाची मुलगी त्याला आपल्या काळ्या भाविकांच्या चर्चमध्ये घेऊन जात असे, असेही मॉरिसन सांगतो. म्हणजे खरा आवाज आणि त्याची विटंबना, दोन्ही या मुलाच्या कानावर एकाच वयात पडली.

त्यातूनच 'ओ! सुझाना' आले. ११ सप्टेंबर १८४७ रोजी पिट्सबर्गमधल्या एका आइस्क्रीमच्या दुकानात ते पहिल्यांदा जाहीरपणे गायले गेले आणि पुढच्या वर्षी छापले गेले. १८४९ मध्ये सोन्याच्या शोधात कॅलिफोर्नियाकडे निघालेल्या हजारो माणसांनी ते ओठांवर घेतले. आपल्याकडे माउथ ऑर्गन शिकणाऱ्या कित्येक मुलांच्या हाती पहिल्यांदा येणाऱ्या सुरावटींत ते आजही असते. मीही ते शाळेत इंग्रजी गाण्यांच्या तासाला म्हटलेले आहे, टाळ्यांच्या ठेक्यावर आणि मोठ्या आनंदाने. मूळ गाण्याचे दुसरे कडवे मात्र कोणत्याही शाळेत शिकवत नाहीत, आणि ते योग्यच आहे. त्यात विजेच्या तारेवर स्वार झालेला निवेदक शेकडो काळी माणसे मेल्याचे हसत हसत सांगतो, आणि त्या माणसांसाठी जो शब्द वापरतो तो मी इथे लिहिणार नाही. हे कडवे एकविसाव्या वर्षीच्या फॉस्टरनेच लिहिलेले आहे. ते इतर कोणी मागाहून घुसडलेले नाही.

या गाण्याने त्याला काय दिले? छापील प्रती तोंडातोंडी पसरलेल्या चालींच्या मागे धावत होत्या. जो तो प्रकाशक आपापली आवृत्ती काढत होता, आणि १८५१ पर्यंत अशा वीसहून अधिक आवृत्त्या निघाल्या. फॉस्टरच्या पदरात पडले ते सुमारे शंभर डॉलर. न्यूयॉर्कच्या पहिल्या आवृत्तीच्या मुखपृष्ठावर तर ख्रिस्टी मिन्स्ट्रेल्स या गाणाऱ्या मंडळीचे नाव मिरवत होते. पण याच शंभर डॉलरांनी त्याच्या मनाने घेतले की गाणी लिहून जगता येईल. डिसेंबर १८४९ मध्ये न्यूयॉर्कच्या फर्थ, पाँड आणि कंपनीने त्याच्याशी दर प्रतीमागे दोन सेंट मानधनाचा करार केला. हिशेबाच्या वह्या मिटून तो पिट्सबर्गला परतला. जुलै १८५० मध्ये जेन मॅक्डॉवेल या डॉक्टरांच्या मुलीशी त्याचे लग्न झाले आणि पुढच्या वर्षी मॅरियन ही मुलगी झाली. नाटक कंपनीत नाही, चर्चच्या नोकरीत नाही, शिकवण्या करून नाही, तर निव्वळ गीतलेखनावर पोट भरू पाहणारा अमेरिकेतला हा पहिलाच माणूस मानला जातो. त्याच्यासमोर कोणाचे उदाहरण नव्हते, आणि हे त्याच्या पुढच्या सगळ्या चुकांकडे पाहताना विसरता कामा नये.

वहीची पाने पाहिली म्हणजे त्याच्या कामाची रीत कळते. लोकप्रिय गाणे एका बैठकीत सुचते अशी आपली समजूत असते; फॉस्टर मात्र एकेका ओळीशी दिवसेंदिवस झटत असे. शब्द बदलायचा, पुन्हा मूळ शब्दावर यायचा, कडवेच्या कडवे काढून टाकायचा. गाणाऱ्याचा आवाज तयार नसला, पियानोवर बसणारी मुलगी नवशिकी असली, तरी गाणे उभे राहिले पाहिजे, हे त्याचे ध्येय होते. त्याच्या बहुतेक चाली सप्तकाच्या आसपासच फिरतात आणि मोजक्या स्वरांवर उभ्या असतात. असा साधेपणा साधायला किती खोडाखोड लागते याचा पुरावा म्हणजे ती वही.

आता ज्या पत्रावर मी पुनःपुन्हा येतो त्याविषयी. एडविन ख्रिस्टी हा त्या काळचा सर्वांत यशस्वी मिन्स्ट्रेल कंपनीचालक. छापण्याआधी नवे गाणे पहिल्यांदा त्याच्या कंपनीने गावे म्हणून फॉस्टर त्याला गाण्यामागे दहा डॉलर घेऊन हस्तलिखित देत असे. 'ओल्ड फोक्स ॲट होम'च्या बाबतीत फॉस्टरने याहूनही पुढची सवलत दिली: १८५१ मध्ये गाणे प्रसिद्ध झाले तेव्हा मुखपृष्ठावर रचनाकार म्हणून ख्रिस्टीचे नाव होते. फॉस्टरला काजळी फासलेल्या गाण्यांशी आपले नाव जोडले जाण्याची लाज वाटत होती. सभ्य घरांतल्या दिवाणखान्यांसाठी तो जी प्रेमगीते लिहीत होता त्यांच्या खपावर परिणाम होईल अशी भीती होती. मग गाणे असे काही चालले की प्रकाशकांना त्याच एका गाण्यासाठी दोन-दोन, प्रसंगी तीन छापयंत्रे चालू ठेवावी लागली. २५ मे १८५२ रोजी फॉस्टरने ख्रिस्टीला पत्र लिहिले. त्याचा आशय असा की, आपले नाव लपवण्याचा विचार आता मी सोडला आहे. या प्रकारच्या गाण्यांतली हिणकस आणि अपमानकारक भाषा काढून सुसंस्कृत लोकांतही त्यांची गोडी निर्माण करण्यासाठी मी पुष्कळ केले आहे. यापुढे निर्भयपणे आणि लाज न बाळगता मी हेच काम करणार आहे, म्हणून गाण्यावर माझे नाव परत घालू द्यावे. घेतलेले पैसे परत करण्याचीही त्याने तयारी दाखवली. ख्रिस्टीने नकार दिला, आणि त्या पत्राच्या पाठीवर फॉस्टरबद्दल शेलके शब्द खरडून ठेवले. व्यवहार झालेला होता. फॉस्टर जिवंत असेपर्यंत त्या गाण्याच्या मुखपृष्ठावर रचनाकार म्हणून त्याचे नाव आले नाही. मानधन मात्र त्याला मिळत राहिले.

मराठी माणसाला हे पत्र वाचताना एक गोष्ट आठवल्याशिवाय राहत नाही. आपल्या परंपरेत कवी आपले नाव गाण्याच्या अंगातच गुंफतो. अभंगाच्या शेवटी 'तुका म्हणे' येते, लावणीच्या शेवटी शाहीर आपली नाममुद्रा ठेवतो; छापखाना नसला, मुखपृष्ठ नसले, गाणारा शंभर कोस दूरचा असला, तरी गाण्याबरोबर नाव चालत जाते आणि ते काढायचे तर यमकच मोडावे लागते. फॉस्टरच्या जगात नाव कागदाच्या दर्शनी भागावर होते, आणि म्हणून ते विकता आले. गाणे मात्र एका तोंडातून दुसऱ्या तोंडात, कोणाच्याही नावाशिवाय जात राहिले.

पण फॉस्टरचे नाव गेले एवढ्यावर थांबणे म्हणजे अर्धीच गोष्ट सांगणे होईल. ज्या माणसांच्या आवाजात तो बोलत होता त्यांना ना नाव मिळाले, ना दोन सेंट. त्याच्या गाण्यांतला म्हातारा गुलाम जुन्या मळ्याची आठवण काढून झुरतो. प्रत्यक्षात त्याच मळ्यांवरून माणसे जिवाच्या आकांताने उत्तरेकडे पळत होती, आणि त्यांतली काही पिट्सबर्गमधून जात होती. फॉस्टरचे कुटुंब डेमोक्रॅटिक पक्षाचे, आणि त्या काळी हा पक्ष गुलामगिरीला विरोध करत नव्हता. बहीण ॲन एलायझा ही पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या जेम्स ब्यूकॅनन यांच्या भावाला दिलेली होती, आणि १८५६ च्या निवडणुकीत फॉस्टरने ब्यूकॅननसाठी प्रचारगीते लिहिली. त्याचा बालमित्र चार्ल्स शायरस मात्र गुलामगिरीचा कडवा विरोधक होता. फॉस्टर या दोन्ही बाजूंच्या मधे कुठेतरी उभा होता. तो कोणत्याही व्यासपीठावर चढला नाही.

त्याची गाणी मात्र बदलत गेली, आणि हे त्याच्या बाजूने मी आग्रहाने सांगेन. १८४९ च्या 'नेली वॉज अ लेडी'मध्ये एक काळा नावाडी आपल्या मेलेल्या बायकोसाठी शोक करतो आणि तिला 'लेडी' म्हणतो. मिन्स्ट्रेल रंगमंचावर काळ्या स्त्रीसाठी असा आदराचा शब्द ऐकू येत नसे. १८५३ चे 'माय ओल्ड केंटकी होम, गुड-नाइट' वहीत पहिल्यांदा अवतरते ते हॅरिएट बीचर स्टो यांच्या गुलामगिरीविरोधी कादंबरीतल्या अंकल टॉमला निरोप देणारे गाणे म्हणून, आणि तेही मोडक्या बोलीत. छापताना फॉस्टरने टॉमचे नाव काढले, बोली काढली, शुद्ध इंग्रजी ठेवली. पहिले कडवे सुखाचे आहे. पण पुढच्या कडव्यांत तो माणूस घरापासून तुटून दूरच्या उसाच्या मळ्यांत ओझी वाहतो, आणि आता थोडेच दिवस उरले असे स्वतःला समजावतो. दरवर्षी मे महिन्यात केंटकी डर्बीच्या घोड्यांच्या शर्यतीआधी हजारो लोक उभे राहून हे गाणे गातात. गातात ते पहिले कडवे आणि ध्रुपद. ताटातुटीची कडवी गायली जात नसल्यामुळे गुलामाचा निरोप हा सुखी गावाच्या आठवणींचा सोहळा होऊन बसतो. १९८६ मध्ये केंटकीच्या विधिमंडळाने या राज्यगीतातला काळ्या लोकांसाठीचा हिणवणारा शब्द बदलून तिथे साधा 'लोक' हा अर्थ देणारा शब्द घातला. ते आवश्यकच होते. तरी माझे मत असे की, तो शब्द बदलण्याइतकेच ते तिसरे कडवे गाणेही आवश्यक आहे.

स्वतः गुलामीतून पळून आलेले फ्रेडरिक डग्लस यांनी १८५५ मधल्या एका भाषणात या गाण्याचा आणि फॉस्टरच्याच 'अंकल नेड'चा उल्लेख करून म्हटले होते की अशी गाणी गुलामांविषयी सहानुभूती जागी करतात आणि त्या सहानुभूतीत गुलामगिरीविरोधी तत्त्वे मूळ धरतात. मिन्स्ट्रेल नटांवर त्याच डग्लस यांनी इतरत्र अत्यंत कडक शब्दांत टीका केली आहे. काळे विचारवंत ड्यू बॉइस यांनी १९०३ मध्ये 'स्वानी रिव्हर' (म्हणजे 'ओल्ड फोक्स ॲट होम') आणि फॉस्टरचेच 'ओल्ड ब्लॅक जो' यांची गणना गुलामांच्या गीतांचा ठसा उमटलेल्या गोऱ्या अमेरिकेच्या गाण्यांत केली. १८९४ च्या जानेवारीत न्यूयॉर्कमध्ये द्वोर्झाक या चेक संगीतकाराने 'ओल्ड फोक्स ॲट होम'ची वाद्यवृंदासाठी केलेली रचना सादर झाली, तेव्हा एकल गायन सिसिएरेटा जोन्स आणि हॅरी बर्ले या काळ्या गायकांनी केले. या माणसांनी गाण्यातले काय घ्यायचे आणि काय नाकारायचे हे स्वतः ठरवले.

पैशाचा हिशेब फॉस्टरने स्वतःच करून ठेवला आहे, आणि हिशेबनिसाच्या त्या सुबक अक्षरात तो वाचताना जीव कळवळतो. १८५७ च्या सुरुवातीला, कर्जात बुडालेला असताना, त्याने एकेका गाण्यापुढे आजवरची मिळकत मांडली: 'ओल्ड फोक्स ॲट होम' १,६४७ डॉलर ४६ सेंट, 'माय ओल्ड केंटकी होम' १,३७२ डॉलर ६ सेंट, अशी उतरती यादी. मग पुढे प्रत्येक गाणे किती देईल याचा अंदाज बांधून त्याने आपले सर्व भावी हक्क प्रकाशकाला विकायला काढले. मागितले त्याहून पुष्कळ कमी, सुमारे १,८७२ डॉलर हाती आले. ही रक्कम कर्जात गेली. गाण्यांचे उत्पन्न कायमचे परक्याचे झाले.

त्याला उधळा किंवा अव्यवहारी ठरवणे सोपे आहे. खर्च मिळकतीपेक्षा जास्त होता हेही खरे. पण त्या काळचा कायदा पाहा. अमेरिकेत १८३१ पासून छापील संगीताला संरक्षण होते, पण जाहीर गायनावर रचनाकाराचा हक्क १८९७ मध्ये मान्य झाला. देशभरातल्या शेकडो रंगमंचांवर रोज रात्री त्याचे 'कॅम्पटाउन रेसेस' हे गाणे गाजत होते, तिकिटे खपत होती, आणि त्यातला एक सेंटही फॉस्टरकडे येण्याची सोय नव्हती. दुसऱ्या प्रकाशकाने त्याच चालीची गिटारसाठी वेगळी मांडणी करून विकली, तरी त्यावर त्याचा हक्क पोहोचत नव्हता. अभ्यासकांनी मांडलेल्या हिशेबानुसार त्याची आयुष्यभराची गीतांची कमाई १५,०९१ डॉलर ८ सेंट इतकी भरते.

१८५५ मध्ये आई गेली, त्याच वर्षी वडील गेले, पुढच्या वर्षी डनिंग गेला. १८६० मध्ये तो बायको-मुलीसह न्यूयॉर्कला आला. जेन फार काळ तिथे राहिली नाही. ती मुलीला घेऊन पेनसिल्व्हेनियात परतली आणि रेल्वेच्या तारखात्यात नोकरी करू लागली. 'जीनी विथ द लाइट ब्राउन हेअर' हे गाणे तिच्यावरून लिहिलेले मानतात. त्या गाण्यातली स्वप्नवत नायिका आणि तारयंत्रावर बसून स्वतःचे व मुलीचे पोट भरणारी जेन या दोघींपैकी मला दुसरीविषयी अधिक आदर वाटतो.

शेवटच्या तीन-चार वर्षांत फॉस्टरने शंभराच्या आसपास गाणी लिहिली. पूर्वी जो एका गाण्यावर महिना घालवी, तो आता मिळेल त्या रोख रकमेवर गाणे हातावेगळे करत होता. जॉर्ज कूपर या तरुण कवीबरोबर त्याची जोडी जमली होती. वाण्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत बसून, सामान बांधायच्या तपकिरी कागदावर तो गाणी लिहीत असे, अशी त्याला त्या दिवसांत भेटलेल्यांची आठवण आहे. दारू पाठीला लागलेलीच होती. जानेवारी १८६४ मध्ये, बॉवरी भागातल्या एका स्वस्त हॉटेलात, तापाने फणफणलेला असताना तो पडला आणि त्याच्या मानेला खोल जखम झाली. कूपरने त्याला बेल्व्ह्यू इस्पितळात नेले. १३ जानेवारीला तो गेला, तेव्हा त्याचे वय सदतीस वर्षांचे होते. त्याच्या चामडी पाकिटात अडतीस सेंट सापडले आणि एका चिठोऱ्यावर, बहुधा नव्या गाण्यासाठी टिपून ठेवलेले, 'प्रिय मित्रांनो आणि कोमल हृदयांनो' अशा अर्थाचे चार-पाच शब्द.

तो गेल्यानंतर काही आठवड्यांतच प्रकाशकांनी 'ब्यूटिफुल ड्रीमर' बाजारात आणले. मुखपृष्ठावर या वेळी त्याचे नाव होते, आणि मृत्यूच्या अवघे काही दिवस आधी रचलेले हे त्याचे अखेरचे गीत, अशी जाहिरातही होती. गाणे वास्तविक १८६२ मध्येच नोंदवलेले होते. 'ओल्ड फोक्स ॲट होम'च्या हक्काची मुदत १८७९ मध्ये संपली, त्याचे नूतनीकरण झाले, आणि तेव्हा कुठे अठ्ठावीस वर्षांनी त्याच्यावर फॉस्टरचे नाव चढले. जेन आणि मॅरियन या मायलेकींना त्यानंतर त्याच्या सर्व गाण्यांचे मिळून चार हजारांच्या थोडे वर डॉलर मिळाले.

१९०० साली पिट्सबर्गने त्याचा पुतळा उभारला: फॉस्टर वर बसून वहीत टिपून घेतो आहे, आणि त्याच्या पायाशी एक अनवाणी काळा म्हातारा बँजो वाजवतो आहे. पुतळ्यातला तो वादक म्हणजे 'अंकल नेड', गाण्यातलेच एक पात्र. अनेक वर्षांच्या तक्रारींनंतर आणि जाहीर चर्चेनंतर एप्रिल २०१८ मध्ये शहराने तो पुतळा हलवला. मला तो निर्णय पटतो. वर बसलेल्या माणसाने खालच्या माणसाकडून गाणे घेतले, एवढे शिल्पकाराने खरे दाखवले होते. पण त्या देण्याघेण्यात कोणाला काय मिळाले हे त्या कांस्यात कुठेच नव्हते, आणि रस्त्याने येणाऱ्याजाणाऱ्या काळ्या मुलांना रोज दिसत होते ते फक्त त्या म्हाताऱ्याचे पायाशी बसणे.

फॉस्टरची गाणी मी ऐकणे सोडलेले नाही. अलीकडे सर्वांत जास्त ऐकतो ते १८५४ चे 'हार्ड टाइम्स कम अगेन नो मोअर'. त्यात कोणाची नक्कल नाही, नकाशातून काढलेली नदी नाही, काजळी नाही. सुखवस्तू माणसाने घटकाभर थांबून दारात उभ्या असलेल्या गरिबांकडे पाहावे, एवढेच त्यात सांगितले आहे, आणि त्याचे ध्रुपद सर्वांनी मिळून गायचे आहे. यादवी युद्धात सैनिकांनी त्याचे विडंबन करून आपल्या कडक बिस्किटांवर गाणे रचले. आज ते आयर्लंडपासून अमेरिकेपर्यंतचे गायक आपापल्या ढंगात गातात, आणि फॉस्टरचे नाव घेऊन गातात.